आतड्यांच्या जिवाणुसंसर्गावरील जिवाणुभक्षी उपचार

पटकी (कॉलरा), विषमज्वर (टायफॉईड), जिवाणुजन्य आमांश यांसारख्या रोगांच्या जिवाणूंचा, त्याच जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंच्या साहाय्याने नाश करण्याच्या पद्धतीस जिवाणुभक्षी उपचार किंवा फेज उपचार असे म्हणतात. या विषाणूंना जिवाणुभक्षी अथवा नुसते 'फेज' म्हणतात. प्रतिजैविके प्रचारात येण्यापूर्वी सुमारे वीस वर्षे हा उपचार जगाच्या अनेक भागांत वापरला गेला. पटकीवरील त्याची एक मोठी क्षेत्रीय चाचणी ब्रिटिशकालीन भारतात झाली. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू वाढू लागल्यामुळे या विस्मृत पद्धतीकडे शास्त्रज्ञ पुन्हा वळले आहेत. मात्र जखमा, मूत्रमार्ग किंवा फुप्फुसे यांच्या तुलनेत आतड्यांतील संसर्गावर तिचे यश अद्याप संमिश्र आहे.

जिवाणुभक्षी विषाणूंचे कार्य

फेज हे माती, नदी, समुद्र, सांडपाणी आणि प्राण्यांची आतडी अशा जिवाणू असलेल्या प्रत्येक ठिकाणी आढळतात. त्यांपैकी बहुतेकांचा आकार २० ते २०० नॅनोमीटर, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणार नाही इतका लहान असतो. फेज जिवाणूच्या पृष्ठभागावरील विशिष्ट रेणूला चिकटतो, आपले जनुकद्रव्य आत सोडतो आणि जिवाणूच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती तयार करवून घेतो. शेवटी जिवाणूचे कवच फुटते व नवे फेज बाहेर पडतात. 'टी ४' या सुपरिचित फेजच्या बाबतीत हे चक्र साधारण अर्ध्या तासात पूर्ण होते आणि एका जिवाणूतून शंभराहून अधिक फेज निर्माण होतात.

सर्व फेज मात्र असे वागत नाहीत. काही फेज आपले जनुकद्रव्य जिवाणूच्या गुणसूत्रात मिसळून सुप्तावस्थेत राहतात आणि जिवाणूला नवे गुणधर्म बहाल करतात. पटकीचे विष तयार करणारी जनुके मुळात अशाच एका फेजने वाहून आणलेली आहेत, हे मॅथ्यू वॉल्डोर व जॉन मेकॅलॅनोस यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. म्हणजे पटकीच्या जिवाणूला घातक बनवणारा एक विषाणू आहे आणि त्याला मारणारा दुसरा. उपचारासाठी फक्त दुसऱ्या, म्हणजे जिवाणू फोडणाऱ्या प्रकारचेच फेज निवडावे लागतात. त्यासाठी आता प्रत्येक फेजचा संपूर्ण जनुकक्रम तपासला जातो.

फेजचे वैशिष्ट्य म्हणजे त्याची काटेकोर निवड. विषमज्वराच्या जिवाणूवर चालणारा फेज आतड्यातील इतर उपयुक्त जिवाणूंना सहसा हात लावत नाही. प्रतिजैविकाने मात्र उपकारक जिवाणूही मरतात. हाच गुण दुसऱ्या बाजूने अडचणीचा ठरतो. एका गावातील रुग्णांच्या जिवाणूवर चालणारा फेज शेजारच्या जिल्ह्यातील त्याच रोगाच्या जिवाणूवर निरुपयोगी ठरू शकतो. म्हणून अनेक फेजांचे मिश्रण वापरले जाते, आणि तेही वेळोवेळी बदलावे लागते.

प्रतिजैविकरोधाची पार्श्वभूमी

विषमज्वराचे उदाहरण यासंदर्भात पुरेसे बोलके आहे. १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाने विषमज्वराचे भय कमी केले. १९७२ मध्ये केरळात त्याला न जुमानणाऱ्या जिवाणूची साथ आली. १९९० च्या सुमारास एकाच वेळी तीन औषधांना दाद न देणारे जिवाणू देशभर पसरले होते. त्यानंतर सिप्रोफ्लॉक्सासिन आले व तेही निष्प्रभ होत गेले. भारतातील विषमज्वराचे बहुतेक नमुने आता या गटातील औषधांना पूर्णपणे संवेदनशील राहिलेले नाहीत. २०१६ मध्ये पाकिस्तानातील सिंध प्रांतात सेफ्ट्रिआक्सोनसह पाच प्रकारच्या औषधांना रोधक असलेली साथ सुरू झाली. सेफ्ट्रिआक्सोनला दाद न देणारे विषमज्वराचे जिवाणू मुंबईतील रुग्णांतही सापडले आहेत, व त्यांचा रोध सिंधमधील जिवाणूंहून वेगळ्या वाटेने आलेला आहे. अशा रुग्णांसाठी तोंडाने घेण्याजोगे ॲझिथ्रोमायसिन हे एकच औषध बऱ्याचदा उरते.

रुग्णालयांतील प्रश्न याहून निराळा आहे. कार्बापेनेम गटातील औषधांना रोधक असलेले क्लेब्सिएला व ई. कोलाय जिवाणू रुग्णाच्या आतड्यात काही त्रास न देता महिनोन्‌महिने राहतात. शस्त्रक्रियेनंतर किंवा रोगप्रतिकारशक्ती ढासळल्यावर तेच रक्तात उतरतात. २०२४ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत हे जिवाणू सर्वाधिक प्राधान्याच्या गटात आहेत, तर औषधरोधक विषमज्वर व शिगेला हे त्याखालोखाल.

इतिहास

या विषयाचा इतिहास सांगताना बहुधा अर्नेस्ट हँकिन या इंग्रज जिवाणुशास्त्रज्ञापासून सुरुवात केली जाते. आग्रा येथे काम करणाऱ्या हँकिनने १८९६ मध्ये गंगा व यमुना यांच्या पाण्यात पटकीचे जिवाणू लवकर मरतात, असे प्रसिद्ध केले. पुढे यालाच फेजचे पहिले निरीक्षण मानण्याची प्रथा पडली. आधुनिक अभ्यासकांनी मात्र ही समजूत तपासून पाहिली आणि हँकिनने वर्णिलेले गुणधर्म फेजशी जुळत नाहीत, असा निष्कर्ष २०११ मध्ये मांडला. गंगेच्या पाण्याच्या पावित्र्याचा शास्त्रीय पुरावा म्हणून हा शोध आजही पुढे केला जातो, तेव्हा ही दुरुस्ती लक्षात ठेवलेली बरी.

फेजचा निर्विवाद शोध फ्रेडरिक ट्वॉर्ट (१९१५) आणि फेलिक्स देरेल (१९१७) यांचा. देरेल पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आमांशाच्या रुग्णांच्या विष्ठेचा अभ्यास करीत होता. रुग्ण बरा होऊ लागला की त्याच्या विष्ठेत जिवाणू मारणारा, गाळणीतून आरपार जाणारा एक अदृश्य घटक वाढतो, असे त्याला आढळले. 'बॅक्टेरियोफेज' हे नाव त्याचेच. १९१९ मध्ये पॅरिसच्या बालरुग्णालयात आमांश झालेल्या बारा वर्षांच्या मुलाला त्याने फेजचे द्रावण पाजले. तत्पूर्वी ते त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतः पिऊन पाहिले होते. मुलगा बरा झाला. म्हणजे या उपचाराचा पहिला मानवी प्रयोगच पोटाच्या विकारावर झाला होता.

१९२६ मध्ये देरेल मुंबईत आला आणि परळच्या हाफकिन संस्थेत त्याने प्लेगवरील फेजचे काम केले. प्लेगने मुंबई इलाख्याला तीस वर्षे छळले होते व सातारा जिल्हाही त्यातून सुटला नव्हता. परंतु भारतातील त्याचे लक्षणीय कार्य पटकीवर झाले. १९२७ मध्ये पंजाबात मेलोन व लाहिरी या सहकाऱ्यांसह त्याने रुग्णांना पटकीचा फेज दिला. उपचार घेतलेल्यांत सुमारे ८ टक्के, तर न घेतलेल्यांत सुमारे ६३ टक्के मृत्यू झाल्याची त्यांची नोंद आहे. गावांच्या विहिरींतही फेज टाकण्यात आला. आकडे विलक्षण असले, तरी दोन्ही गटांतील रुग्णांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. त्यामुळे आजच्या कसोटीला ते पुरावा म्हणून उतरत नाहीत.

या निष्कर्षांनी सरकार व इंडियन रिसर्च फंड असोसिएशन ही संस्था (आजच्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पूर्वज) प्रभावित झाली. पाटणा येथे इगोर आशेशोव्ह आणि शिलाँगच्या पाश्चर संस्थेत जॉन मॉरिसन यांनी पुढील दहा वर्षे काम केले. मॉरिसनने आसामातील नौगाव भागात गावोगावच्या लोकांकडे फेजच्या कुप्या ठेवल्या. पटकीची लागण दिसताच त्या पाजायच्या, अशी व्यवस्था होती. तुलनेसाठी सिल्हेटमधील हबिगंज भाग फेजविना ठेवला. नौगावात पटकीचे मृत्यू लक्षणीय घटले. परंतु एका भागात साथ न येण्याची अन्य कारणेही असू शकतात, हा आक्षेप अखेरपर्यंत सुटला नाही आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही चौकशी गुंडाळली गेली.

याच सुमारास अमेरिकेत ईटन व बेन-जोन्स यांच्या १९३४ च्या अहवालाने फेज औषधांच्या दर्जावर कठोर टीका केली. त्या काळातील अनेक कुप्यांत जिवंत फेज नसत, असलेच तर ते त्या रोगाचे नसत, आणि जिवाणूंची विषे मात्र भरपूर असत. त्यानंतर सल्फा औषधे व पेनिसिलिन आले आणि पश्चिमेकडील देशांत फेज मागे पडले. सोव्हिएत संघात ते टिकले. जॉर्जियातील तिबिलिसी येथे १९२३ मध्ये जॉर्ज एलियावा याने स्थापन केलेली संस्था आजही हे उपचार करते. एलियावा स्वतः १९३७ मध्ये स्तालिनच्या दमनसत्रात मारला गेला. तिबिलिसीत १९६३-६४ मध्ये ३०,७६९ बालकांवर आमांश-प्रतिबंधाची चाचणी झाली. रस्त्याच्या एका बाजूच्या घरांतील मुलांना फेजच्या गोळ्या आणि दुसऱ्या बाजूच्या मुलांना निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. फेज घेतलेल्या मुलांत आमांशाचे प्रमाण सुमारे पावणेचारपटीने कमी आढळले.

ढाक्यातील दोन चाचण्या याउलट गेल्या. १९७० च्या सुमारास पटकीच्या रुग्णांना फेजच्या प्रचंड मात्रा देऊन पाहिल्या, तेव्हा त्या टेट्रासायक्लीनच्या पासंगालाही पुरल्या नाहीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ई. कोलायमुळे अतिसार झालेल्या १२० बालकांना दोन प्रकारची फेज-मिश्रणे देण्यात आली. फेजमुळे अपाय झाला नाही, पण अतिसारही लवकर थांबला नाही. मुलांच्या आतड्यात त्या फेजला योग्य असे जिवाणू पुरेशा संख्येने नव्हते, म्हणून फेज तेथे वाढलेच नाहीत, असे संशोधकांनी नोंदवले.

आतड्यातील अडचणी

ढाक्याच्या अपयशातून पुढील संशोधनाची दिशा ठरली. तोंडाने घेतलेल्या फेजला प्रथम जठरातील आम्ल गाठते व त्यात बहुतेक फेज नष्ट होतात. त्यासाठी आधी खाण्याच्या सोड्यासारखे आम्लनाशक देणे किंवा जठरात न विरघळणाऱ्या आवरणात फेज भरणे, हे उपाय वापरले जातात. पुढे आतड्यात श्लेष्मल थर, पित्त आणि अब्जावधी परके जिवाणू असतात. फेज हलू शकत नाही. त्याला योग्य जिवाणू योगायोगानेच भेटावा लागतो. म्हणून रोगजिवाणूंची संख्या फार असेल तेव्हाच तो भरभराटतो. पटकीत ही संख्या मोठी असते, परंतु मृत्यू जिवाणूपेक्षा निर्जलीभवनाने होतो. मीठ-साखरेच्या क्षारसंजीवनीने हा मृत्युदर एक टक्क्याच्या खाली येतो. इतक्या स्वस्त उपायापुढे कोणत्याही फेजला आपली गरज सिद्ध करणे अवघड आहे.

विषमज्वरात अडचण वेगळी आहे. त्याचे जिवाणू आतड्यात थोडाच काळ राहतात व नंतर शरीराच्या पांढऱ्या पेशींच्या आत दडून यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेपर्यंत जातात. पेशीच्या आत फेज सहजी पोहोचत नाही. दीर्घकालीन वाहक व्यक्तींच्या पित्ताशयातील खड्यांवर हे जिवाणू थर धरून राहतात, तेथेही तोच प्रश्न येतो. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या व्रणकारक जिवाणूविषयी तर अजून फारसे हाती लागलेले नाही. त्याला फोडणारे फेज थोडे सापडले आहेत, आणि तो आम्लाच्या खाली श्लेष्म्यात लपलेला असतो.

जिवाणू फेजलाही रोधक बनतात. पण त्यांना त्याची किंमत मोजावी लागते. बांगलादेशातील पटकीच्या रुग्णांत वारंवार आढळणारा 'आयसीपी १' हा फेज जिवाणूच्या पृष्ठभागावरील ओ-१ प्रतिजनाला चिकटतो. त्याच्यापासून सुटण्यासाठी जिवाणूने तो प्रतिजन टाकला, की आतड्यात रोग निर्माण करण्याची त्याची क्षमताच घटते. या गुणाचा लाभ घेऊन २०१७ मध्ये तीन फेजांच्या मिश्रणाने उंदीर व सशांच्या पिलांत पटकीचा प्रतिबंध करता आला. मात्र फेज संसर्गाच्या आधी काही तासांच्या आत द्यावा लागला. साथीच्या काळात रुग्णाच्या घरच्या माणसांना संरक्षण देण्यासाठी याचा विचार होत आहे. मॉरिसनच्या कुप्यांमागची कल्पना यापेक्षा फार दूरची नव्हती.

सातारा व सांगली जिल्ह्यांचा संदर्भ

हे दोन जिल्हे एकाच नदीने बांधलेले आहेत, आणि १९४९ पर्यंत आजच्या सांगलीचा मोठा भाग साताऱ्यातच होता. त्या वर्षी 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाईवरून कराडला येते. तेथे तिला कोयना मिळते आणि पुढे सांगलीजवळ हरिपूरला वारणा. वरच्या गावाचे सांडपाणी खालच्या गावाच्या पाणीपुरवठ्यात उतरते. सांगली शहरातील शेरीनाला कृष्णेत मिसळतो, हा स्थानिक राजकारणातही वर्षानुवर्षे गाजलेला प्रश्न आहे. त्याचे पाणी धुळगावकडे शेतीसाठी वळवण्याची योजना त्यातूनच निघाली. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत गटारे, विहिरी आणि नळ एकाच पाण्याखाली गेले. ज्ञानेश्वरांच्या पालखीचा मार्ग सातारा जिल्ह्यातील लोणंद, तरडगाव, फलटण व बरड येथून जातो. पटकीच्या साथी वारीबरोबर प्रवास करीत, हे जुन्या काळातील आरोग्य अधिकाऱ्यांचे नेहमीचे निरीक्षण होते, व त्यासाठी पंढरपूरच्या वारकऱ्यांना पटकीची लस टोचण्याची व्यवस्था दीर्घकाळ चालली.

या खोऱ्यात फेज शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. जेथे मैलापाणी तेथे ई. कोलाय, आणि जेथे ई. कोलाय तेथे त्याचे फेज असतात. सांडपाण्यातून फेज वेगळा करणे हा सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातील परिचित प्रात्यक्षिक प्रयोग आहे. नाल्याचे पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळतात, म्हणजे जिवाणू अडकतात व फेज पलीकडे जातात. हे पाणी ई. कोलायच्या ताज्या वाढीबरोबर कोमट, पातळ आगरमध्ये मिसळून बशीत ओततात. दुसऱ्या दिवशी बशीवर जिवाणूंचा दुधी थर पसरलेला दिसतो आणि त्यात जेथे फेज होता तेथे स्वच्छ, पारदर्शक ठिपके पडतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एका फेजपासून झालेली संतती. ई. कोलायऐवजी रुग्णालयातून आलेला औषधरोधक जिवाणू वापरला, तर हाच प्रयोग उपचारयोग्य फेजच्या शोधाची पहिली पायरी ठरतो. १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस यांनी सुरू केलेल्या रुग्णालयापासून मिरज हे वैद्यकीय केंद्र आहे. तेथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर कराडला कृष्णा वैद्यकीय संस्था. अशा संस्थांत रुग्णांचे जिवाणू नियमित तपासले जातात. फेज स्थानिक जिवाणूशी जुळावा लागतो, म्हणून जिवाणूंचे व फेजांचे संग्रह एकाच परिसरात असणे सोयीचे असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नदीत फेज आहेत म्हणून तिचे पाणी आपोआप शुद्ध होते, असे नाही. उलट ई. कोलायचे फेज पाण्यात सापडणे ही त्यात विष्ठा मिसळल्याची खूण मानतात, व पाणी-तपासणीत त्यांचा तसा उपयोगही केला जातो. ढाका येथील २००५ च्या अभ्यासात पटकीचे फेज पाण्यात वाढले की साथ ओसरते, असे दिसले. परंतु ते वाढण्यासाठी आधी साथ यावी लागते.

प्रतिजैविकरोधाचा एक उगम कुक्कुटपालन व दुग्धव्यवसायातही आहे. कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी वापरल्या जाणाऱ्या कोलिस्टिन या शेवटच्या फळीतील औषधावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. साल्मोनेला कमी करण्यासाठी कोंबड्यांना फेज देण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये मांसपदार्थांवर फवारण्याच्या लिस्टेरिया-विरोधी फेजला मान्यता दिली. अन्नप्रक्रियेतील हा वापर रुग्णावरील उपचारापेक्षा वेगाने पुढे गेला आहे. कारण तेथे जठराम्ल आडवे येत नाही.

भारतातील सद्यस्थिती

भारतात फेजचा वापर दीर्घकाळ उपचाराऐवजी ओळख पटवण्यासाठी झाला. कोणता फेज कोणत्या जिवाणूला फोडतो यावरून पटकी व विषमज्वराच्या जिवाणूंचे उपप्रकार ठरवले जात. पटकीसाठी हे काम कोलकात्याच्या राष्ट्रीय पटकी व आंत्ररोग संस्थेत, तर साल्मोनेलासाठी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयातील केंद्रात चाले. जनुकक्रम वाचणे स्वस्त झाल्यावर या पद्धतीचे महत्त्व कमी झाले. उपचाराच्या दिशेने बनारस हिंदू विद्यापीठात गोपाल नाथ व सहकाऱ्यांनी न भरणाऱ्या जुनाट जखमांवर फेज लावून उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत. भारतातील काही रुग्णांनी उपचारासाठी तिबिलिसी गाठले आहे.

औषधविषयक कायद्यापुढील पेच असा, की नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९ यांसारख्या नियमांत एक निश्चित घटक असलेले औषध गृहीत धरलेले असते. फेजचे मिश्रण जिवाणूंच्या बदलाबरोबर बदलले नाही तर ते निकामी होते, आणि बदलले तर कायद्याच्या दृष्टीने ते नवे औषध ठरते. बेल्जियमने २०१८ पासून यातून वाट काढली. तेथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषधनिर्माता त्या रुग्णापुरते फेजचे मिश्रण तयार करू शकतो, मात्र प्रत्येक फेजची शुद्धता सरकारमान्य प्रयोगशाळेने तपासलेली असावी लागते.

आतड्यातील रोधक जिवाणू हटवण्यासाठी फेज वापरण्याचे काम अलीकडे इस्रायलमध्ये झाले आहे. क्लेब्सिएलाविरुद्धच्या फेजांचे मिश्रण निरोगी स्वयंसेवकांनी तोंडाने घेतले असता ते सुरक्षित असल्याचे आणि फेज आतड्यात जिवंत पोहोचल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष रुग्णांत त्याने संसर्ग टळतो का, हे मोठ्या चाचण्यांतूनच ठरेल. तोवर विषमज्वरावर संयुग्मित लस, पटकीवर तोंडावाटे देण्याची लस व क्षारसंजीवनी, आणि दोन्हींवर उकळलेले किंवा क्लोरीन घातलेले पाणी हेच सिद्ध उपाय आहेत.